जुगारात बंदी नेमकी कशावर घालायची?

आठवड्यातून एकदा निघणारी एक सोडत घ्या. तिकीट दहा नाण्यांचं आणि जमलेल्या पैशातला निम्माच बक्षिसांच्या रूपानं परत जातो. बाकीचा निम्मा खेळवणारा ठेवतो. दर आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याचा सरासरी तोटा पाच नाणी. आता पडद्यावरचं स्लॉट मशीन घ्या. ते ९६ टक्के परतावा देतं, म्हणजे शंभरातली फक्त चार नाणी ठेवून घेतं. वरवर पाहता सोडतीपेक्षा कितीतरी उदार. पण त्याचं चक्र तीन सेकंदांत फिरतं. तासाला १,२०० फेऱ्या. फेरीमागे दहा नाणी लावली तर तासाभरात १२,००० नाण्यांचा खेळ होतो आणि त्याचे चार टक्के म्हणजे ४८० नाणी. सोडतीत एवढा तोटा व्हायला ९६ आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं लागतील. इथे त्याला एक तास पुरतो.

हे ९६ टक्के खेळणाऱ्यालाही फसवतात. शंभर नाणी घेऊन बसलो तर ९६ घेऊन उठू, असं त्याला वाटतं. पण परतावा मोजला जातो प्रत्येक फेरीला लावलेल्या पैशावर, खिशातून काढलेल्या पैशावर नाही. परत मिळालेलं पुन्हा लावलं जातं. सगळी रक्कम दहा वेळा फिरवली की सरासरी ६६ नाणी उरतात, पंचवीस वेळा फिरवली की ३६. फेऱ्या जलद असल्या की हे व्हायला संध्याकाळ व्हावी लागत नाही.

जुगारावर बंदी घालावी का, हा वाद दर वेळी त्याच जागी अडकतो, कारण दोन्ही बाजू ‘जुगार’ ही एकच वस्तू धरून बोलतात. एका बाजूला उद्ध्वस्त झालेली घरं दिसत असतात, दुसऱ्या बाजूला सणासुदीला गंमत म्हणून तिकीट काढणारा माणूस. दोघांनाही दिसतं ते खरंच आहे, पण ते दोन वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहेत. माझं मत सरळ आहे: माणसाला पकडून ठेवण्यासाठी बांधलेल्या जलद, अखंड आणि उधारीवर चालणाऱ्या खेळांवर बंदी हवी आणि ती कडक हवी. संथ खेळ राहू द्यावेत. आणि खेळणाऱ्याला कोणत्याही परिस्थितीत गुन्हेगार ठरवू नये.

आधी व्यसनाबद्दल. जुगाराचा नाद हा स्वभावदोष किंवा हाव आहे, अशी समजूत अजून पक्की आहे. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात हा विकार १९८० साली आला तेव्हा तो आवेगावर ताबा नसण्याच्या विकारांत होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो तिथून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी ठेवला गेला. ज्यात कुठलाही पदार्थ शरीरात जात नाही, असा त्या प्रकरणातला तो पहिला विकार. निदानासाठी नऊ लक्षणं आहेत आणि बारा महिन्यांत त्यांतली चार दिसली तर विकार मानला जातो. तेवढीच उत्तेजना मिळण्यासाठी रक्कम वाढवत जावी लागणं, थांबवायला गेलं की चिडचिड, घरच्यांशी खोटं बोलणं, दुसऱ्यांकडून पैसे आणून निभावणं ही त्यांतली काही. पण सगळ्यांत घातक लक्षण म्हणजे हरलेले पैसे वसूल करण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं. दारूडा आपली दारू सोडवायला दारू पीत नाही. जुगाऱ्याला मात्र आपल्या संकटावरचा एकमेव उपाय जुगारातच दिसतो, कारण कर्जाएवढी रक्कम एका रात्रीत मिळण्याची दुसरी जागाच त्याला ठाऊक नसते.

मेंदूचा यात किती हात आहे याचा पुरावा एका अगदी वेगळ्या दालनातून आला. पार्किन्सन्सच्या रुग्णांना मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधं देतात. जन्मात पैज न लावलेले काही रुग्ण ही औषधं सुरू झाल्यावर झपाटल्यासारखे जुगार खेळू लागले, आणि औषध कमी केल्यावर त्यांतल्या अनेकांची ओढ ओसरली. आता या औषधांबरोबर तशी सूचना दिली जाते. हे लोक आधी सज्जन, मग लोभी आणि नंतर पुन्हा सज्जन झाले असं कुणी म्हणणार नाही.

मेंदूच्या ज्या यंत्रणेवर औषधाचा परिणाम होतो, तिच्यावरच खेळाची रचनाही काम करते. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी सर्वांत चिकाटीनं कळ दाबत राहतो, हे वर्तनशास्त्राला विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. स्लॉट मशीन म्हणजे तोच प्रयोग, पण त्यात वरून बरीच कारागिरी घातलेली. पूर्वी मशीनमध्ये खरी चाकं फिरत. प्रत्येक चाकावर समजा २२ थांबे आणि त्यांतला एक मोठ्या बक्षिसाचा. तीन चाकं असतील तर शक्यता १०,६४८ मध्ये एक. शक्यता आणखी कमी करायची तर चाक मोठं करावं लागे आणि मोठं चाक पाहून गिऱ्हाईक बिचकत असे. १९८४ साली अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं आणि ही अडचण संपली. निकाल संगणकातल्या यादृच्छिक संख्येवर लावायचा, चाक फक्त तो निकाल दाखवणार. आतल्या अदृश्य चाकाला ६४ थांबे द्या. बाहेर दिसतात २२, शक्यता मात्र २,६२,१४४ मध्ये एक. डोळ्यांनी केलेला अंदाज पंचवीसपट चुकतो.

याच युक्तीतून ‘थोडक्यात हुकलं’ हा अनुभव हवा तेवढा तयार करता येऊ लागला. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला आतले मोजकेच थांबे द्यायचे, पण त्याच्या लगेच वरच्या आणि खालच्या रिकाम्या जागांना भरपूर द्यायचे. मग ते चित्र बक्षिसाच्या रेषेच्या बोटभर वर किंवा खाली पुन्हा पुन्हा येऊन थांबतं. खेळणाऱ्याला वाटतं, जवळ आलो होतो. प्रत्यक्षात ‘जवळ’ असं काही नसतं. निकाल चाक हलण्याआधीच लागलेला असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की असं हुकणं लोकांना अप्रिय वाटतं, तरीही त्यानं खेळण्याची इच्छा वाढते, आणि खऱ्या जिंकण्यानं जागे होणारे मेंदूचे भाग त्यानंही जागे होतात.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत वाईट वाटते. आधुनिक मशीनवर एका फेरीत वीस-वीस रेषांवर पैसे लावता येतात. वीस नाणी लावली, एका रेषेवर सहा मिळाली. चौदा नाण्यांचा तोटा झाला. पण यंत्र दिवे लावतं, संगीत वाजवतं, सहाचा आकडा चमकवतं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या प्रयोगात खेळणाऱ्यांच्या त्वचेवरची प्रतिक्रिया मोजली तेव्हा, अशा सजवलेल्या तोट्यावर शरीर खऱ्या जिंकण्यासारखीच उत्तेजना दाखवतं असं आढळलं. तोटा झालेल्या माणसाला जिंकल्याची बातमी देणाऱ्या वस्तूला दुसऱ्या कुठल्या बाजारात परवाना मिळाला असता?

खेळांवरच्या सट्ट्याचं चित्र वेगळं होतं, आता राहिलेलं नाही. सामन्याच्या निकालावर पैज लावली तर दीड तास किंवा दिवसभर वाट पाहावी लागे. मोबाइलनं सामना चालू असताना लावायच्या पैजा आणल्या: पुढच्या चेंडूवर काय होईल, पुढचा कॉर्नर कुणाला मिळेल. एका सामन्याच्या शंभर सोडती झाल्या. जोडीला साखळी-पैजा आल्या, म्हणजे पाच अंदाज एकत्र बांधायचे आणि सगळे खरे ठरले तरच पैसे. एका पैजेत खेळवणाऱ्याचा हिस्सा पाच टक्के असेल तर पाच कड्यांच्या साखळीत तो पाचच राहत नाही. ०.९५ ला पाच वेळा गुणा, उरतात ७७ टक्के, म्हणजे हिस्सा जवळजवळ २३ टक्क्यांवर गेला. मोठ्या रकमेच्या आमिषामागे चौपटीहून जास्त महाग झालेली वस्तू विकली जाते, आणि जाहिराती नेमक्या हिच्याच असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०१८ मध्ये सट्ट्यावरचा केंद्रीय कायदा रद्द केल्यावर एकेक राज्य ही बाजारपेठ उघडत गेलं. मोबाइलवरचा सट्टा जिथे सुरू झाला तिथे दिवाळखोरीची प्रकरणं वाढल्याचं तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या सार्वजनिक आरोग्यविषयक आयोगानं २०२४ साली जगभरातली पाहणी एकत्र केली. जुगाराचा विकार किंवा त्याच्या जवळ जाणारा त्रास असलेले प्रौढ सुमारे ८ कोटी, असा त्यांचा अंदाज आहे. त्याहून महत्त्वाचा आहे प्रकारानुसारचा फरक. ऑनलाइन कसिनो आणि स्लॉट खेळणाऱ्या प्रौढांपैकी १५.८ टक्के लोकांना विकार असू शकतो; खेळांवर सट्टा लावणाऱ्यांत हे प्रमाण ८.९ टक्के. दर सहा-सात गिऱ्हाइकांतलं एक आजारी पडतं असं उत्पादन ‘बहुतेक लोक जबाबदारीनं वापरतात’ म्हणून बाजारात राहू शकत नाही. आणि हा आजार जिवावर बेततो. स्वीडनच्या रुग्णनोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विकाराचं निदान झालेल्या लोकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे पंधरापट आढळलं. निदानापर्यंत पोहोचलेले रुग्ण हे सर्वांत गंभीर असतात, हे धरूनही तो आकडा हलका होत नाही.

‘प्रौढ माणसानं आपल्या पैशाचं काय करावं हे सरकारनं सांगू नये’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आठवड्याला तिकीट घेणाऱ्याच्या बाबतीत तो मला पूर्ण मान्य आहे. पण हा धंदा कुणाच्या पैशावर चालतो ते बघा. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगानं २०१० साली हिशेब मांडला: गेमिंग मशीनवर खर्च होणाऱ्या एकूण पैशातला सुमारे ४० टक्के वाटा जुगाराची समस्या असलेल्या लोकांचा. हे लोक खेळणाऱ्यांमध्ये मूठभर असतात. म्हणजे व्यसन हा या धंद्याचा अपघात नाही, तो उत्पन्नाचा खांब आहे. ज्याला थांबायचं आहे आणि थांबता येत नाही, त्याच्या स्वातंत्र्याचा कैवार त्याचेच पैसे घेणाऱ्यानं घ्यावा, हे मला पटत नाही.

बंदी कधीच यशस्वी होत नाही, लोक दुसरीकडे जातात, असं सांगितलं जातं. नॉर्वेचा अनुभव याला सरळ छेद देतो. तिथे दुकानांत, बाजारसंकुलांत सर्वत्र स्लॉट मशीन होती. १ जुलै २००६ पासून त्यांत नोटा घालण्याची सोय काढली आणि बरोबर एक वर्षानं सगळीच मशीन हटवली. त्यानंतर जुगारावरचा खर्च घटला, हेल्पलाइनला येणारे फोन कमी झाले, आणि मशीनवर खेळणारे सगळे दुसऱ्या खेळाकडे वळले असं झालं नाही. पुढे सरकारी कंपनीनं नवी यंत्रं आणली, पण त्यांवर खेळायला स्वतःच्या नावाचं कार्ड लागतं, तोट्याला मर्यादा असते आणि सलग खेळल्यावर यंत्र सक्तीनं विश्रांती देतं. त्या यंत्रांना जुन्यांसारखी गर्दी झाली नाही. आणखी एक तुलना ऑस्ट्रेलियाच्या आतलीच आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात अशी मशीन पर्थच्या एका कसिनोबाहेर कुठेही ठेवता येत नाहीत. बाकीच्या राज्यांत ती पबमध्ये आणि क्लबमध्ये आहेत. देश तोच, लोक तेच, तरी दरडोई तोटा त्या एका राज्यात सर्वांत कमी. हाताशी नसलेली वस्तू शोधत जाणारे थोडे असतात. समोर दिसली म्हणून बसणारे पुष्कळ.

सरसकट बंदी मात्र मला नको आहे, आणि त्याला कारणं आहेत. अमेरिकेतल्या शहरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकड्यांचा बेकायदा खेळ घरोघर पोहोचला होता. ००० ते ९९९ मधला एक आकडा, जिंकण्याची शक्यता हजारात एक, आणि लागला तर साधारण सहाशेपट. पोलीस होते, कायदे होते, खेळही होता. त्याच्याबरोबर लाच होती, उधारी होती आणि वसुलीची मारहाण होती. तिकिटासारखा संथ खेळ बंद केला की त्याची जागा घ्यायला वही-पेन्सिल पुरते, ही त्यातली मेख. यंत्रांच्या खेळाचं तसं नाही. त्याला यंत्र लागतं, वीज लागते, जागा लागते, म्हणूनच नॉर्वेत बंदी टिकली. याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६४ साली न्यू हॅम्पशायरनं सुरुवात केल्यावर राज्यांनी स्वतःच्या सोडती काढल्या, आणि तीन आकड्यांच्या सरकारी खेळात जिंकणाऱ्याला मिळू लागले सहसा पाचशेपट. बेकायदा दुकानदारापेक्षाही कमी, वर त्याची जाहिरात. कायदेशीर केलं म्हणजे सौम्य होतंच असं नाही.

सरसकट बंदीचा खरा मार बसतो तो उपचारावर. खेळणं हाच गुन्हा असेल तर बायको नवऱ्याबद्दल कुणाकडे तक्रार करणार? डॉक्टरांना सांगायची भीती, मालकाला कळण्याची भीती, कर्जाबद्दल बोलायची भीती. या विकारात लपवणं हे आधीच एक लक्षण आहे. कायद्यानं त्याला आणखी एक कारण पुरवू नये. भारताच्या संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कौशल्य की नशीब हा जुना भेद त्यात बाजूला ठेवला आहे. शिक्षा खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. ही शेवटची तरतूद मला त्यातली सर्वांत शहाणी वाटते. सगळे ऑनलाइन खेळ एकाच मापानं मोजावेत का, याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण बोट कुणाकडे दाखवायचं हे त्या कायद्यानं बरोबर ओळखलं.

ऑनलाइन खेळात पैशाची वाट रोखणं हे संकेतस्थळ रोखण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. संकेतस्थळाचं नाव बदलायला काही मिनिटं लागतात, आणि आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन आता कुणालाही वापरता येतं. कार्डव्यवहारात मात्र प्रत्येक विक्रेत्याला एक वर्गक्रमांक असतो आणि जुगाराचा क्रमांक ७९९५ आहे. बँक तो क्रमांक अडवू शकते आणि काही देशांत गिऱ्हाईक ॲपमधून स्वतः तो अडवू शकतो. चांगल्या सोयीत अडवणं तत्क्षणी होतं, उघडायला मात्र दोन-तीन दिवस थांबावं लागतं, कारण ओढीची लाट सहसा तेवढ्यात उतरते. यात गळती कुठे होते तेही ठाऊक आहे. व्यवहार मधल्या एखाद्या डिजिटल पाकिटातून गेला की बँकेला फक्त त्या पाकिटाचं नाव दिसतं. बनावट विक्रेते स्वतःला कपड्यांचं दुकान म्हणवतात. आभासी चलनाला वर्गक्रमांकच नसतो. म्हणून जबाबदारी बँकेवर थांबता कामा नये, पैसे फिरवणाऱ्या मधल्या प्रत्येक कंपनीवर ती हवी आणि चुकीचा वर्गक्रमांक लावणाऱ्याचं खातं बंद व्हायला हवं.

उधारी तर आजच बंद करता येते. ब्रिटननं एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डानं जुगार खेळण्यावर बंदी आणली, ऑस्ट्रेलियानं जून २०२४ मध्ये ऑनलाइन सट्ट्यासाठी तेच केलं. स्वतःच्या पैशाचा तळ लागतो तेव्हा माणूस निदान क्षणभर थांबतो. उधारीनं तो क्षण नाहीसा होतो.

रक्कम आणि वेग यांना कायद्यानं लगाम घालता येतो याची उदाहरणं आता पुरेशी आहेत. ब्रिटनमधल्या सट्ट्याच्या दुकानांत रूलेची, म्हणजे फिरत्या चक्रावरच्या आकड्यावर पैसे लावायच्या खेळाची, यंत्रं होती, ज्यांवर दर वीस सेकंदांना शंभर पौंड लावता येत. तासाला १८,००० पौंडांची उलाढाल, एका माणसाची, भर रस्त्यावरच्या दुकानात. एप्रिल २०१९ पासून मर्यादा दोन पौंडांवर आली. तोच हिशेब ३६० पौंडांवर उतरला. ऑनलाइन स्लॉटसाठी तिथे २०२१ पासून एका फेरीला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत, आपोआप फिरत राहण्याची सोय बंद आहे, लावलेल्या रकमेइतकं किंवा कमी परत मिळालं तर जल्लोष वाजवता येत नाही, आणि खात्यातून काढायला टाकलेले पैसे खेळणाऱ्याला परत खेळात ओढता येत नाहीत. २०२५ पासून एका फेरीची कमाल रक्कम पाच पौंड, १८ ते २४ वयासाठी दोन. जर्मनीनं जुलै २०२१ च्या, तिथल्या राज्यांनी आपसांत केलेल्या करारात याहून पुढे जाऊन फेरीला पाच सेकंद आणि एक युरो ठरवला. माझ्या मते हाच योग्य आकडा आहे. अडीच सेकंद अजून फार जलद आहेत. पाच सेकंदांत फेरी, एक नाणं आणि चार टक्के हिस्सा धरला तर तासाचा सरासरी तोटा २९ नाण्यांच्या आत राहतो. खेळ राहतो, पण घर बुडवण्याची ताकद त्यात राहत नाही.

जर्मनीच्या करारातला आणखी मोलाचा भाग म्हणजे सामायिक मर्यादा. सगळ्या परवानाधारकांकडे मिळून महिन्याला १,००० युरो भरता येतात आणि ते एका मध्यवर्ती संगणकातून तपासलं जातं. एका वेळी दोन ठिकाणी खेळता येत नाही आणि एक सोडून दुसऱ्याकडे जायला पाच मिनिटं थांबावं लागतं. बहुतेक देशांत मात्र मर्यादा खेळणाऱ्यानं स्वतः, प्रत्येक कंपनीकडे वेगळी घालायची असते. ती का फसते हे उघड आहे. एक तर ज्याला गरज आहे तोच ती घालत नाही. घातली तरी दहा कंपन्यांच्या दहा मर्यादा होतात. आणि पुष्कळदा मर्यादा भरलेल्या पैशावर असते, तोट्यावर नाही, त्यामुळे जिंकलेलं सगळं घालवलं तरी ती जागी होत नाही. मर्यादा तोट्यावर हवी, सगळीकडे मिळून एक हवी, कमी केली तर लगेच आणि वाढवली तर काही दिवसांनी लागू व्हावी. जर्मनीतसुद्धा कमाई दाखवून हजाराची मर्यादा वाढवून मिळते आणि व्यवहारात ती तपासणी किती कसून होते यावर सगळं अवलंबून राहतं.

स्वतःवर बंदी घालून घेण्याच्या नोंदवह्यांचंही तसंच. स्वीडननं जानेवारी २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियानं ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ब्रिटनमध्ये २०२० पासून प्रत्येक ऑनलाइन परवानाधारकाला तशा नोंदवहीशी जोडून घेणं सक्तीचं आहे. एकदा नाव घातलं की सगळीकडची दारं बंद, मुदत संपेपर्यंत. या सोयीनं माणसं वाचतात. जिथे ओळख नाव, पत्ता आणि ईमेल जुळवून पटवली जाते तिथे स्पेलिंगचा फरक किंवा नवा पत्ता पुरतो, म्हणून ती राष्ट्रीय ओळखक्रमांकाशी जोडणं बरं. आणि विनापरवाना साइट ‘आम्ही त्या नोंदवहीत नाही’ अशी उघड जाहिरात करतात. थांबू पाहणाऱ्या माणसाला हेरून केलेली ही जाहिरात आहे. तिला फसवणुकीपेक्षा कमी शिक्षा असू नये.

अवैध बाजार वाढेल, हा आक्षेप यामुळे पूर्ण मिटत नाही. कडक नियमांनी काही खेळणारे बाहेर जातात, आणि जाणाऱ्यांत जड व्यसनी जास्त असतात. त्यांच्यासाठी वरची पैशाची वाट रोखावी लागते आणि उपचार मोफत व जवळ असावे लागतात. बोधात्मक वर्तनोपचारानं आणि काही रुग्णांत नॅल्ट्रेक्सोनसारख्या औषधानं फरक पडतो. त्याचा खर्च धंद्यानं द्यावा, पण देणगी म्हणून नव्हे. देणगी देणारा संशोधनाचे विषयही ठरवू लागतो. ब्रिटननं एप्रिल २०२५ पासून त्यासाठी कायद्यानं उपकर लावला, तो रस्ता बरोबर आहे. अवैध बाजाराची भीती दाखवून वैध बाजाराला अवैधासारखं वागू द्यायचं, हे मात्र मान्य करता येत नाही.

अडचण आहे ती सरकारच्या तिजोरीत. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यानं २०२२ साली प्रत्येक खेळणाऱ्याला कार्ड सक्तीचं करून दिवसाला १००, महिन्याला ५०० आणि वर्षाला ५,००० डॉलर अशी तोट्याची मर्यादा जाहीर केली. सामान्य माणसाला न टोचणारी आणि व्यसनी माणसाला वाचवणारी इतकी नेटकी योजना क्वचितच कुणी मांडली असेल. ती लांबणीवर पडली. योजनेत खोट होती म्हणून नाही. क्लब, पब आणि महसूल या तिघांचाही हिशेब त्यामुळे बिघडत होता. जुगारातून येणारा कर चालू खर्चात मिसळू दिला की सरकारही त्याच गिऱ्हाइकावर जगू लागतं.

आणि कंपन्यांना आपलं कोणतं गिऱ्हाईक आजारी आहे हे कळत नाही, असं कुणी सांगू नये. सतत जिंकणाऱ्या सट्टेबाजाला त्या फार लवकर ओळखतात आणि त्याची कमाल रक्कम छाटून टाकतात. हे उघडपणे चालतं. सतत हरणाऱ्याला त्याच संगणकातून शोधून खास सदस्यत्व, मोफत पैजा आणि वैयक्तिक प्रतिनिधी दिला जातो. धोक्याच्या खुणा ठाऊक आहेत: एका बैठकीत तीन-चार वेळा पैसे भरणं, तोट्यानंतर लगेच रक्कम दुप्पट करणं, पहाटे दोन ते पाच खेळणं, काढायला टाकलेले पैसे मागे घेणं, एकामागून एक नवी कार्डं जोडणं, मर्यादा घालून लगेच वाढवायला मागणं. यांतलं प्रत्येक क्षणोक्षणी नोंदलं जातं. जिंकणाऱ्याचं खातं जितक्या दिवसांत छाटलं जातं तितक्याच दिवसांत अशा खुणा दाखवणाऱ्याचं खातं थांबवणं परवान्याची अट करावी. थांबवलं नाही तर त्या दिवसापासूनचा त्याचा तोटा कंपनीनं परत करावा.

त्याच परवान्यात आणखी एक ओळ घालायला हवी. सर्वांत जास्त हरणाऱ्या पाच टक्के गिऱ्हाइकांकडून वर्षाच्या उत्पन्नातला किती वाटा आला, हे प्रत्येक कंपनीनं आणि सोडत चालवणाऱ्या प्रत्येक सरकारनं दर वर्षी छापावं. हा आकडा त्यांच्याकडे आहे.